बिनमाणकांचं घड्याळ

"काका, हात जरा मागे घ्या. सावली पडतेय," भाचा म्हणाला.

चावीवाल्याने चटकन दोन्ही हात मागे घेतले आणि शाळेतल्या मुलासारखे मांडीवर ठेवले. आज त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि गळ्यापाशी टोचत असूनही सगळ्यात वरची गुंडी लावली होती. समोरच्या टेबलावर एरवी नानांच्या औषधांच्या बाटल्या असायच्या. त्या उचलून खाली ठेवल्या होत्या. टेबलावर भाच्याने काळं मखमली कापड अंथरलं होतं आणि त्यावर दोन मनगटी घड्याळं शेजारी शेजारी ठेवली होती. दोन्ही गोल, दोन्ही सोनेरी, दोन्हींच्या तबकड्या पांढऱ्या.

"सांग बघू, कुठलं कुणाचं?" चावीवाला कौतुकाने म्हणाला. "जुळी भावंडं आहेत अगदी."

"पट्ट्यावरून कळतं की. तुमचा प्लास्टिकचा आहे."

"तो मी बदलला रे. पाण्यात चामडं टिकत नाही."

भाचा म्हणजे त्याच्या मेव्हणीचा एकुलता एक मुलगा. शिकून नोकरीला लागला होता, पण जीव सगळा घड्याळांत. चावी द्यायची, सेलशिवाय चालणारी घड्याळं तो जमवायचा, एक स्वस्तातलं आणि एक महागातलं घेऊन समोरासमोर ठेवायचा आणि जास्त पैसे मोजून माणसाला नेमकं काय जास्त मिळतं, ते मोबाइलवरच्या व्हिडिओत सांगायचा. पुष्कळ लोक ते बघायचे. आजोबांनी आपल्या दोन्ही जावयांना एकाच दिवशी दिलेली दोन घड्याळं, ही कल्पना त्याला एक दिवस आंघोळ करताना सुचली होती आणि तो आईवडिलांना घेऊन मावशीच्या घरी आला होता.

मावशीचं घर दोन खोल्यांचं, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. खिडकीशी आजोबांची, म्हणजे नानांची खाट. साहेब, म्हणजे भाच्याचे वडील, घरातल्या एकुलत्या एक बऱ्या खुर्चीवर बसले होते. ते औषधांच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते आणि चावीवाला त्यांना साडू असूनही साहेबच म्हणायचा. त्यांची बायको धाकटी खाटेच्या कडेला, नानांपासून जरा अंतर राखून बसली होती. चावीवाल्याची बायको थोरली स्वयंपाकघरात चहा करत होती.

"काका, आता कॅमेऱ्यात बघून सांगा. घड्याळ कसं मिळालं?"

ही गोष्ट चावीवाला आयुष्यभर सांगत आला होता. कॅमेरा असो नसो, त्याला कुणी नुसतं "किती वाजले?" विचारलं तरी पुरायचं.

"साहेबांचं लग्न झालं त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट," तो म्हणाला. "माझ्या लग्नाला तोवर बरीच वर्षं झाली होती. नानांनी आम्हा दोघांना समोर बसवलं. दोघांच्या हातात सारखी लाल डबी दिली. म्हणाले, मला मुलगा नाही, पण दोन जावई आहेत आणि दोन्ही मला सारखे. आता बघा, साहेब कुठे, मी कुठे! पण नानांनी काही फरक केला नाही."

बोलता बोलता त्याचा आवाज नेहमीच्या ठिकाणी भरून आला. तो चुलत्याच्या घरी वाढला होता. तिथे पंगत उठल्यावर त्याचं ताट मांडलं जायचं, चुलतभावांचे कपडे आखूड झाल्यावर त्याला मिळायचे. पुढे पाणीखात्यात लागला. रस्त्याखालच्या नळांना वॉल्व्ह असतात, ते लांब लोखंडी चावीने फिरवून एकेका गल्लीला पाणी सोडायचं आणि वेळ झाली की बंद करायचं, हे त्याचं काम. गल्लीबोळांत त्याला सगळे चावीवाला म्हणायचे आणि कालांतराने घरातही तेच नाव पडलं. ती लाल डबी हातात पडेपर्यंत त्याला कुणीही कुणासारखा म्हटलं नव्हतं.

नानांना अर्धांगाचा झटका आला, तेव्हा त्यांना ठेवायचं कुठे हा प्रश्न निघाला. धाकटीकडे जागा हवी तेवढी होती, पण फरशी संगमरवरी होती आणि येणाऱ्याजाणाऱ्यांची वर्दळ असायची. चावीवाला आपणहून म्हणाला, "माझ्याकडे येऊ देत. साहेबांच्या बरोबरीने घड्याळ दिलंय मला त्यांनी." तेव्हापासून नानांची आंघोळ, दाढी, नखं, बेडपॅन सगळं तोच बघायचा. पहाटेचं पाणी सोडून आला की आधी नाना, मग स्वतःचा चहा.

"छान बोललात," भाचा म्हणाला. "आता पोट उघडू या."

त्याने एक चपटं हत्यार लावून आधी वडिलांच्या घड्याळाचं मागचं झाकण काढलं. आत नखाएवढी चाकं, आरशासारखी घासलेली पट्टी आणि मधूनमधून लाल ठिपके. "ही माणकं," तो कॅमेऱ्याला सांगू लागला. "चाकांची टोकं या खड्यांवर फिरतात, म्हणून झीज होत नाही. हे घड्याळ नातवंडांना देता येतं." मग त्याने दुसरं घड्याळ उचललं. त्याचं झाकण नखाने ढकलल्याबरोबर निघालं.

चावीवाला पुढे वाकला. इतकी वर्षं रोज सकाळी त्याने या घड्याळाला चावी दिली होती, पण आतून कधी पाहिलं नव्हतं. आत पत्र्यातून ठोकून काढलेली चाकं होती, कडांना काळं तेल साचलं होतं. लाल कुठेच काही नव्हतं.

"खडे गळाले का रे?" त्याने काळजीने विचारलं. "भिजलंय ते बऱ्याचदा."

"गळाले नाहीत, काका. बसवलेच नव्हते."

भाच्याने दोन्ही घड्याळं चाल मोजणाऱ्या एका छोट्या यंत्रावर आळीपाळीने ठेवली. साहेबांच्या घड्याळाची रेघ पडद्यावर सरळ धावली. चावीवाल्याच्या घड्याळाची रेघ दारू प्यायलेल्या माणसासारखी गेली. हे सोनं, तो पितळेवरचा मुलामा. ही तबकडी भाजून केलेली, ती छापलेली. भाचा एकेक गोष्ट सांगत गेला. त्यात खोडसाळपणा नव्हता. तो कुठल्याही दोन घड्याळांबद्दल असाच बोलायचा.

"थोडक्यात काय," तो शेवटी म्हणाला, "बाबांच्या एका घड्याळाच्या किमतीत काकांची चाळीस घड्याळं आली असती. आणि डबी मात्र सारखी! मानलं पाहिजे आमच्या आजोबांना." त्याने मोबाइल खाटेकडे वळवला. "नाना, मुद्दाम केलंत ना?"

"हो," नाना म्हणाले.

झटक्यात नानांची उजवी बाजू गेली होती आणि एक सोडून सगळे शब्द गेले होते. राहिलेला शब्द "हो" होता. भूक लागली तरी हो, भूक नसली तरी हो. दुखलं, खुपलं, संताप आला, तरी तोंडातून तेवढंच बाहेर यायचं. घरातल्या प्रत्येकाला हे माहीत होतं. तरी साहेब खो खो हसले. धाकटी हसली आणि मग तिने तोंडावर हात धरला.

चावीवाल्याने सगळ्यांकडे बघितलं. थोरली चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. साहेब, धाकटी, थोरली. कुणीतरी "काय सांगतोस!" म्हणेल, अशी त्याने वाट पाहिली. पण खोलीतल्या एकाही चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं.

मग तोही हसला. "चाळिसातलं एक असून अजून चालतंय, म्हणजे बघा," तो म्हणाला.

"क्या बात है! काका, हेच परत एकदा म्हणा. इकडे बघून."

त्याने इकडे बघून परत एकदा म्हटलं. मग उठला, घड्याळ शर्टाच्या खिशात टाकलं आणि कोपऱ्यातली लोखंडी चावी उचलली. "वरच्या गल्लीला पाणी सोडायचंय," म्हणाला.

"अहो, चहा," थोरली म्हणाली.

"साहेबांना दे."

*

व्हिडिओ त्याच आठवड्यात आला आणि बघता बघता गावभर झाला. त्यातलं घड्याळांचं फारसं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. लोकांना आवडला तो "गळाले का रे?" आणि नानांचा "हो." कुणीतरी तेवढाच तुकडा कापून, त्याला गाणं लावून पुढे पाठवला.

चावीवाला एका गल्लीत वॉल्व्हचं झाकण उचलायला वाकला, तेव्हा गॅलरीतून एक बाई ओरडली, "चावीवाले, आज कुठल्या घड्याळाप्रमाणे पाणी? तुमच्या की साडूच्या?" पुढच्या चौकात पंक्चरवाला म्हणाला, "खडे सापडले का हो?" त्याच्या टपरीवरची माणसं आधीच हसायला तयार बसली होती. पाणीखात्यातल्या वरिष्ठांनी त्याला मुद्दाम केबिनमध्ये बोलावलं, मोबाइल समोर धरला आणि म्हणाले, "अहो, नट निघालात तुम्ही!" शिपायाने, टायपिस्टने, पंपावरच्या माणसाने सगळ्यांनी त्याच्यादेखत तो तुकडा बघितला. एकही जण वाईट नव्हता. त्यातल्या दोघांच्या मुलींच्या लग्नात त्याने फुकट टँकर मिळवून दिले होते.

तो सगळ्यांबरोबर हसला. त्याला येत होतं ते. चुलत्याच्या घरी तो हेच शिकला होता.

घरी मात्र त्याने एक केलं. नानांची दाढी करताना तो बोलायचा. वर्षानुवर्षांचा रिवाज होता तो. कुठला पाइप फुटला, कुणी रात्री मोटार लावून पाणी ओढलं, कुठल्या बाईने शिव्या घातल्या, सगळं नानांच्या गालांवर साबण फासता फासता सांगायचा आणि नाना "हो, हो" करायचे. नानांच्या हो-होमधला फरक आपल्याला कळतो, असा त्याचा दावा होता. "हा हसण्यातला हो. हा 'पुढे सांग'चा हो," असं तो थोरलीला समजावून द्यायचा.

आता तो बोलायचा थांबला. बाकी काही चुकलं नाही. पाणी तेवढंच कोमट, वस्तरा तेवढाच हलका, पाठीला पावडर, कुशीला उशी. फक्त तोंडातून शब्द नाही. पहिल्या दिवशी नाना वाट बघत राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपणहून "हो?" केलं, म्हणजे सुरू कर. त्याने त्यांची हनुवटी बोटाने वर केली आणि गळ्यावरचा फेस काढला. चारसहा दिवस गेले, तसे नाना दाढीच्या वेळी डोळे मिटून घ्यायला लागले.

थोरलीने पंधरवडाभर हे पाहिलं. एका दुपारी तो जेवून उठला, तेव्हा ती आडवी आली.

"नानांशी बोलत का नाही तुम्ही?"

"काय बोलायचं?"

"रोज बोलायचात तेच. जेवणात लक्ष नाही त्यांचं हल्ली. भरवलं तर गिळत नाहीत."

"दाढी करतो. धुतो. पुसतो. कमी पडत असेल तर सांग."

तिने पदराला हात पुसले. मग एकदम म्हणाली, "त्यांचा दोष नाही. दुकानात मी होते."

आणि तिने सगळं सांगितलं. ते खरं होतं. धाकटीच्या लग्नाच्या गडबडीत नाना थोरलीला घेऊन घड्याळाच्या दुकानात गेले होते आणि एकाच तऱ्हेची दोन घड्याळं काढा, म्हणाले होते. थोरली त्या दिवसांत मनातून करपून गेली होती. जो तो पाहुणा विचारायचा, धाकटे जावई काय करतात? ऐकून भुवया उंच करायचा आणि मग विचारायचा, आणि थोरले? ती "पाणीखात्यात" एवढंच सांगून विषय बदलायची. दुकानात काचेवर ती दोन भारी घड्याळं आली, तेव्हा ती म्हणाली, "नाना, ह्यांना इतकं महागाचं कशाला? दिवसभर चिखलात हात. ह्यांना काय कळतंय त्यातलं?" नाना म्हणाले, "अगं, पण बरं दिसेल का ते?" ती म्हणाली, "डबी सारखी द्या म्हणजे झालं." नाना बराच वेळ काचेवर बोटं वाजवत राहिले आणि मग त्यांनी लेकीचं ऐकलं. पुढे धाकटीला तिने हे हसत हसत सांगितलं आणि धाकटीने साहेबांना.

यातला एकही शब्द तिने गाळला नाही. चिखलात हात, तेसुद्धा सांगितलं. सांगताना ती रडली नाही, कारण रडायचा आपल्याला हक्क नाही असं तिला वाटलं.

चावीवाला ऐकून घेत होता. मग म्हणाला, "बापाला वाचवतेस."

"अहो, शप्पथ सांगते!"

"चांगलं आहे. लेकीने वाचवायलाच पाहिजे."

"खोटं कशाला बोलेन मी? स्वतःवर कशाला ओढवून घेईन?"

"मी तुला सोडून कुठे जाणार, हे तुला माहीत आहे. म्हणून." तो खाटेपाशी गेला आणि कित्येक दिवसांनी नानांशी बोलला. "नाना, ही म्हणते, दुकानात तिनेच सांगितलं आणि म्हणून तुम्ही मला हलकं घड्याळ घेतलंत. खरं का?"

"हो," नाना म्हणाले. त्याचा आवाज ऐकून त्यांचा चेहरा उजळला होता.

थोरलीने श्वास सोडला.

"का मुळात तुमच्याच मनात होतं तसं? ह्याला काय द्यायचं, असं?"

"हो," नाना म्हणाले. "हो, हो." त्यांनी डावा हात उचलून त्याच्या गुडघ्यावर ठेवला. डोळ्यांत पाणी आलं. "हो."

"ऐकलंस?" चावीवाला थोरलीला म्हणाला आणि तो हात उचलून चादरीवर ठेवून दिला.

*

भाचा परत आला तो नवी डबी घेऊनच. व्हिडिओखाली लोकांनी लिहिलं होतं की काकांना कुणीतरी चांगलं घड्याळ द्या. ते वाचून एका कंपनीने पाठवलं होतं. "काका, आता दुसरा भाग," तो म्हणाला. "तुम्ही फक्त डबी उघडायची आणि जे वाटेल ते बोलायचं. मनापासून." त्याच्याबरोबर साहेब आणि धाकटीही आले होते. या वेळी धाकटीने बहिणीसाठी साडीसुद्धा आणली होती.

चावीवाला टेबलापाशी बसला. मखमली कापड तेच होतं. त्याने डबी उघडली, घड्याळ पाहिलं, झाकण लावलं आणि डबी हलकेच टेबलाच्या पलीकडच्या बाजूला सरकवली.

"घड्याळ छान आहे," तो म्हणाला. "पण मला दुसरं काहीतरी मागायचंय. चालू आहे ना ते?"

"चालू आहे. बोला, काका."

"नानांनी आम्हा दोघा जावयांना सारखं मानलं. हे मी तुम्हाला मागे सांगितलंच. मी माझी पाळी केली. झटका आल्यापासून केली. आता साहेबांची पाळी. साहेब, नानांना तुमच्याकडे घेऊन जा."

भाच्याने मोबाइलकडे बघितलं, मग वडिलांकडे. "हे कापता येईल," तो पुटपुटला.

साहेब हसले. "काय गंमत करता राव!"

"गंमत मागच्या वेळी झाली, साहेब."

भाच्याने मोबाइल पालथा ठेवला. मग सगळे एकदम बोलायला लागले. साहेबांना महिन्यातले अर्धे दिवस फिरतीवर जावं लागतं. धाकटीची कंबर धरते. घरी बाई आहे, पण ती असलं काही करणार नाही. आणि नानांना इथली सवय झालीय, या वयात हलवणं बरं नव्हे.

"आणि तुम्हालाही सवय आहे हो," धाकटी म्हणाली. "आम्हाला जमणार आहे का ते? ताई, तू तरी सांग ना ह्यांना."

थोरली भिंतीला टेकून उभी होती. "राहू देत इथंच," ती नवऱ्याला म्हणाली. "तुम्ही हात लावू नका. मी करते सगळं."

"तुझ्याने उचलले जाणार आहेत का ते?"

"उचलेन."

"आणि पाठ मोडून घेशील. मग दोघांचं मला करावं लागेल." तो तिच्याकडे न बघता बोलत होता. "तुझं जे करायचं होतं, ते तू दुकानातच करून आलीस. हो ना? तूच सांगितलंस."

तेव्हा थोरलीला कळलं की त्याने तिच्यावर विश्वास ठेवला होता. कदाचित पहिल्या दिवसापासून.

"मग नानांना कशाला?" ती कसंबसं म्हणाली.

तो उठून नानांची चादर सारखी करू लागला. साहेब उठून गॅलरीत गेले आणि कुणाला तरी फोन लावून हळू आवाजात बोलू लागले. खाटेवरून नाना म्हणाले, "हो." त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं.

*

नाना धाकटीच्या घरी एक दिवसही गेले नाहीत. साहेबांनी गावाबाहेरच्या एका केंद्रात सोय केली. तिथे रात्रंदिवस नर्स असतात, जेवण वेळच्या वेळी मिळतं, खाटेला वरखाली करायची चावी असते, असं त्यांनी फोनवर सांगितलं. "सगळा खर्च आमच्याकडे," असंही म्हणाले. चावीवाला म्हणाला, "चालेल."

न्यायच्या दिवशी सकाळी त्याने नानांना आंघोळ घातली. दाढी केली, कानामागचा फेस टिपला, भांग पाडला. बाहेर जाताना घालायची पँट वर्षभर घातली नव्हती, ती कंबरेत सैल झाली होती. त्याने दोरीने आवळून बांधली आणि वरून शर्ट सोडला, म्हणजे दोरी दिसू नये. थोरली पिशवीत कपडे भरत होती. ती एक कपडा भरायची आणि एक बाहेर काढायची.

खाली गाडी आली. साहेबांनी ड्रायव्हर पाठवला होता. नानांना उतरवायला त्याने एक माणूस आणला होता, पण चावीवाल्याने त्याला हात लावू दिला नाही. तो खाटेपुढे पाठ करून बसला, नानांचा डावा हात आपल्या गळ्याभोवती घेतला, उजवा पुढे ओढून धरला आणि उठला. जिन्याच्या प्रत्येक वळणावर थांबून, भिंतीला खांदा लावून, श्वास घेऊन तो उतरला. दारादारांत शेजारी उभे होते. कुणी मोबाइल काढला नाही.

गाडीत बसवून तो मागे सरकला, तेव्हा त्याला सरकता येईना. नानांनी डाव्या हाताने त्याची कॉलर धरली होती. त्या हातात अजून बराच जोर होता. जोर राहावा म्हणून चावीवालाच त्यांच्याकडून रोज रबरी चेंडू दाबून घ्यायचा. ड्रायव्हर आरशात बघत होता. नानांना पोचवायला पलीकडच्या सीटवर बसलेल्या थोरलीने मान फिरवली.

त्याने घाई केली नाही. आधी अंगठा सोडवला. मग एकेक बोट सोडवलं, नखं कापताना धरायचा तसं, न दुखवता. मग तो हात नानांच्या मांडीवर ठेवला, पट्टा लावला, तो पोटाला काचत नाही ना ते बघितलं आणि दार लावून घेतलं.

नाना काचेतून त्याच्याकडे बघत होते. त्यांचे ओठ हलत होते. काच बंद होती.

गाडी वळणावरून दिसेनाशी झाल्यावर तो वर आला. खाट रिकामी होती. गादीवर अंथरलेली रबराची चादर तेवढी राहिली होती, तिच्यावर अंगाचा खड्डा अजून उमटलेला होता. त्याने ती काढली, मोरीत नेली आणि साबण लावून ब्रशने घासली. कडांना पिवळे डाग होते, ते सहज निघण्यासारखे नव्हते. तो खाली बसला आणि एकेक डाग घासत राहिला. मग त्याने ती गॅलरीतल्या दोरीवर पसरली, चारी कोपरे ओढून सारखे केले, चिमटे लावले. एक बाजू वाळल्यावर त्याने ती काढली, उलटी केली आणि दुसरी बाजू उन्हाकडे करून पुन्हा चिमटे लावले.